भरल्या नावेची वाट

७ ऑक्टोबर १९५६, रविवार. जळगाव

आमच्या नौकाविहार मंडळाची सभा तलावाच्या पायऱ्यांवरच घेतली, खोलीत उकडतं म्हणून. विषय एकच. गेल्या रविवारी दोन नावा घासल्या आणि तेव्हापासून डॉक्टर आणि कापडवाले शेठ एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही म्हणतात, वाट माझी होती. तेव्हा नियम हवेत.

डॉक्टर म्हणाले, रस्त्यासारखं डाव्या हाताने जावं. शेठ म्हणाले, जो वयाने मोठा त्याला आधी जाऊ द्यावं (शेठ साठीचे). अध्यक्ष नानासाहेब वकील म्हणाले, "आपसात समजुतीने घ्या." समजूत असती तर सभा कशाला भरवली असती?

शेवटी मी उठलो. म्हटलं, आपल्याकडचा गाडीवाटेचा नियम काय वाईट आहे? कापसाची भरलेली गाडी पारोळ्याच्या बाजाराला निघाली आणि समोरून रिकामी आली, तर रिकामा गाडीवान चाकोरी सोडतो, बैल शेतात घालतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही. तेच पाण्यावर आणा. भरल्या नावेला रिकाम्या नावेने वाट द्यावी. एका वाक्यात भांडण मिटलं. एकमताने मंजूर. डॉक्टर आणि शेठ एका किटलीतला चहा प्याले.

चिटणीस म्हणून नोंद मीच केली. शाळेत ड्रॉइंग मास्तर, म्हणून नियमाचा फळाही मीच रंगवायचा.

९ ऑक्टो., मंगळ

फळा झाला. पांढऱ्यावर निळी अक्षरं, तीन इंच उंच. काना-मात्रा सगळं ओळीत. इंदू म्हणाली, चांगला झालाय, पण घरातली खिडकी रंगवायला तुम्हाला वर्ष लागलं. बायकांचं लक्ष कुठे जाईल सांगता येत नाही.

आबांना वाचून दाखवला. आबा आमचे नावाडी. शिरपूरकडे तापीवर त्यांची सवारीची नाव होती, पूल झाला तशी ती बसली. आता तलावाच्या काठावर मंडळाने दिलेल्या खोलीत एकटे राहतात. मंडळातल्या प्रत्येकाच्या हातात वल्हं त्यांनीच दिलं, माझ्यासुद्धा. नावेच्या बुडाला डांबर लावता लावता त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "गाडीले चाकोरी ऱ्हास, मास्तर. पाणीले कोठे चाकोरी?"

मी विचारलं, मग तुमच्या तापीवर काय नियम होता?

"ज्याले वळता येस त्यानी वळानं. बठ्ठा इतलाच कायदा शे."

ज्याला वळता येतं त्याने वळावं, हा काय कायदा झाला? असं फळ्यावर लिहिलं तर लोक हसतील. बोललो नाही, पण राग आला. दोन दिवस खपलो होतो.

११ ऑक्टो., गुरु

नानासाहेबांचा भाचा मुंबईहून आला. श्रीकांत. सोबत ट्रकवर घालून शिडाची होडी. सुट्टीभर इथे राहणार आणि खानदेशाला शीड शिकवणार. खानदेश इतके दिवस त्याच्यावाचून अडला होता!

फळा वाचून हसला. खिशातून एक इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात म्हणे लिहिलं आहे की वल्ह्याच्या होडीने शिडाच्या होडीला वाट द्यायची, सगळीकडे असंच चालतं. भरली-रिकामी असला प्रकार त्यात नाही.

मी म्हटलं, सगळीकडे म्हणजे कुठे? तलाव जळगावात आहे, नियम सभेने केला आहे.

तो म्हणाला, "मास्तर, वारा सभेला विचारून वाहत नाही."

मामा कौतुकाने बघत होते. मी म्हटलं, अध्यक्ष म्हणून तुम्ही सांगा, कोणता नियम? नानासाहेब म्हणाले, "दोन्ही चांगले आहेत. चालू द्या." कोर्टात हे असंच बोलतात का? दोन्ही पक्षकार चांगले, चालू द्या!

सायंकाळी घरी येऊन इंदूला सगळं सांगितलं. ती शेव निवडत होती, जळकी वेगळी. म्हणाली, "तलाव केवढा मोठा आहे. समोरासमोर यायचंच कशाला?"

१४ ऑक्टो., रवि. दसरा

झालं तसं क्रमाने लिहितो.

सकाळी नावांची पूजा झाली. झेंडूच्या माळा, वल्ह्यांना हळदकुंकू. दुपारी चारला आम्ही निघालो. आबा वल्ह्यावर, इंदू, शेजारच्या लीलाबाई आणि कुमुदताई, आणि मी. आपटा द्यायला पलीकडच्या मारुतीपर्यंत जायचं होतं. पाच माणसं, म्हणजे भरलेली नाव. श्रीकांत एकटा, डावीकडून, शीड फुगवून. म्हणजे रिकामी. लांबून ओरडत होता, वाट द्या, वाट द्या. फळा त्याने स्वतः वाचलेला आहे, माझ्या डोळ्यांदेखत!

वळला नाही. शेवटपर्यंत वळला नाही. त्याच्या होडीचं टोक आमच्या नावेच्या कडेवर आलं. आबांचं वल्हं मोडलं. इंदूचा डावा हात त्याच कडेवर होता. दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

ती ओरडलीसुद्धा नाही. लीलाबाई ओरडल्या.

श्रीकांत काय म्हणाला? "मी ओरडत होतो ना!" उलट्या बोंबा.

१५ ऑक्टो., सोम

डॉक्टरांनी बोटांना लाकडी पट्टी बांधली. हाड मोडलं आहे. सहा आठवडे. करंगळी पूर्वीसारखी मिटेल की नाही सांगता येत नाही म्हणाले.

शाळेला रजा. भाकरी मी केली, कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची. तव्यावर टाकली आणि तिचे चार तुकडे झाले. इंदूने तुकडे निमूट खाल्ले. तिची वेणीही मीच घातली. ती म्हणाली, ओढू नका.

राग जात नाही. बोटं दिसली की पुन्हा येतो.

१६ ऑक्टो., मंगळ

नानासाहेबांची चिठ्ठी. अपघाताची चौकशी होणार. आणि खाली, "नावाडी आबा याने नाव वेळीच थांबविली नाही असे सकृद्दर्शनी दिसते. चौकशी होईपर्यंत त्याने वल्ही मंडळाच्या खोलीत जमा करावीत. दोष सिद्ध झाल्यास त्यास काठावरची खोली सोडावी लागेल."

म्हणजे भाचा सुटला आणि नावाडी अडकला. चोर सोडून संन्याशाला सुळी! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे ठाऊक होतं. पण वकिलाने ते इतक्या सुंदर अक्षरात लिहून द्यावं?

खोली गेली तर आबा कुठे जाणार? गावाकडे भावाच्या मुलांनी घर पाडून नवं बांधलं, त्यात यांना जागा ठेवली नाही. सत्तरीचा माणूस. पाण्याशिवाय दुसरं काही त्यांना येत नाही.

हे मी होऊ देणार नाही. चिटणीस मी आहे.

१८ ऑक्टो., गुरु

शाळेतून आल्यावर निवेदन लिहायला बसलो. चार पानं झाली. सोबत नकाशा जोडला. चित्रकलेचा काही उपयोग व्हायचा तर आज व्हावा. निळी शाई आमच्या नावेची, तांबडी त्याच्या होडीची. वाऱ्याची दिशा बाणाने. नाव वरून दाखवली. आबा, त्यांची दोन्ही वल्ही, इंदू, लीलाबाई, कुमुदताई. इंदूचा हात नावेच्या कडेवर. अगदी मोजून.

इंदू मागे येऊन उभी राहिली. नकाशातली माणसं बोटाने एकेक मोजली. मग म्हणाली, "यात तुम्ही कुठे आहात?"

पाहिलं. मी नव्हतो. चौघंच काढली होती.

म्हटलं, राहिलं, काढतो.

ती म्हणाली, "काढा. आणि आबांची वल्ही पाण्यात दाखवलीत, ती वर दाखवा. त्यांनी वल्ही उचलली होती. नाव थांबत होती. तुम्ही म्हणालात, थांबू नका आबा, वाट आपली आहे, येऊ दे त्याला."

मी म्हटलं, असं मी बोललो नाही.

"दोनदा बोललात."

मी नको ते बोललो तिला. घाबरली होतीस, तुला काय आठवणार वगैरे. ती आत गेली. एका हाताने भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी उठलो नाही.

१९ ऑक्टो., शुक्र

काही नाही. कोजागिरीचं दूध मंडळाने रद्द केलं. बरं झालं.

२० ऑक्टो., शनि

लिहायचंच तर खरं लिहावं, नाहीतर ही वही जाळावी.

बोललो होतो. दोनदा. पहिल्यांदा आबा थांबायला लागले तेव्हा. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा. माझ्या आवाजात मास्तरकी होती. त्यांनी वल्ही पुन्हा पाण्यात घातली, दोन हात मारले, आणि तेवढ्यात ती होडी आली. थांबले असते तर ती समोरून निघून गेली असती. एवढंच.

मला माझ्या फळ्याचा मान राखायचा होता. शाळेत ड्रॉइंगचा तास म्हणजे सुट्टीच, हेडमास्तर तो कोणालाही देऊन टाकतात. जन्मात पहिल्यांदा मी काही म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि तो पोरगेला मुंबईकर हसला. ते सहन झालं नाही. त्यासाठी बायकोची बोटं.

लाज वाटते. श्रीकांतचा राग तसाच आहे, कमी झालेला नाही. त्यालाही वळता येत होतं. पण आता त्या रागावर हक्क सांगायचा तर आधी...

इंदूला म्हणालो, तू म्हणतेस ते खरं आहे. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. सभेत सांगा."

२३ ऑक्टो., मंगळ

परवा सभा. भीती वाटते, उगाच शूरपणाचा आव कशाला आणू? चिटणीसपद जाईल. हेडमास्तर आणि नानासाहेब रोज संध्याकाळी एका बाकावर बसतात. गावभर होईल की मास्तरने स्वतःच्या हट्टापायी बायकोची बोटं मोडली. पण आबांची खोली जाण्यापेक्षा ते बरं.

चारी पानं फाडली. नकाशाही. नवीन निवेदन सात ओळींचं.

२५ ऑक्टो., गुरु

सभा. डोकं भणभणतंय.

उभा राहिलो आणि सातही ओळी वाचल्या. आबा थांबत होते, मी त्यांना दोनदा पुढे जायला सांगितलं, दोष माझा आहे. वाचताना आवाज फाटला. खाली बसलो.

आणि काय झालं? नानासाहेब उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमचं मन मोठं आहे. गरीब म्हाताऱ्यासाठी स्वतःवर दोष घेता." टाळ्या! डॉक्टरांनी वाजवल्या, शेठनी वाजवल्या. श्रीकांतनेसुद्धा. मी ओरडलो, अहो मी खरं सांगतोय! ते आणखी प्रेमाने बघायला लागले.

आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता. एरवी थापा मारल्या की लोक विश्वास ठेवतात. एकदा काळीज काढून समोर ठेवलं, तर म्हणतात काय छान नाटक करतो!

मग आबांना बोलावलं. दारातच उभे राहिले, टोपी हातात. नानासाहेबांनी विचारलं, "मास्तरांनी तुम्हाला पुढे जा म्हणून सांगितलं होतं का?"

आबा म्हणाले, "वल्हं मना हातमा व्हतं."

"ते नाही विचारलं. मास्तर बोलले का?"

"वल्हं मना हातमा व्हतं, साहेब."

तिसऱ्यांदा विचारलं नाही. "झालं, कबूल आहे," असं म्हणून नानासाहेबांनी कागद मिटला. मी मध्ये बोलायला गेलो तर डॉक्टरांनी बाही धरून बसवलं. निकाल दिवाळीनंतरच्या सभेत. तोवर शिडाला वाट देण्याचा नियम लागू, आणि त्याचा फळा चिटणिसांनी रंगवावा, त्यांचं अक्षर फार सुरेख आहे.

सुरेख अक्षर! कुंचला मोडून टाकावासा वाटला.

२६ ऑक्टो., शुक्र

शाळा सुटल्यावर तलावावर गेलो. आबा मोडकं वल्हं तासत होते. मी गेलो तोच चिडून. म्हटलं, तुम्ही खोटं का बोललात? मी तुमच्यासाठी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि तुम्ही मला खोटं पाडलंत!

ते तासत राहिले. मग म्हणाले, "खोटं काय बोलनू? वल्हं मनाच हातमा व्हतं."

"पण मी सांगितलं म्हणून तुम्ही..."

"तापीवर दर सवारी सांगे, आठून ल्या, तठून ल्या. बठ्ठासनं ऐकं ते नाव कोन चलाडी? पन्नास वरीस कोनचं ऐकं नही, मास्तर. तुम्हनं ऐकं. ती मनी चूक शे. ती मी कोनले देनार नही."

मी म्हटलं, खोली जाईल आबा.

"जावो."

बसून राहिलो. पन्नास वर्षं कोणत्याच सवारीचं ऐकलं नाही, माझं ऐकलं, ती म्हणे त्यांची चूक. मास्तरांनी सांगितलं म्हणून मी केलं, असं ते म्हणाले तर खोली राहते. पण मग ते नावाडी राहत नाहीत, सांगकामे होतात. हे त्यांना कळतं, आणि वाचता येत नाही म्हणून आम्ही त्यांना काही विचारतही नाही. त्यांना वाचवायला जावं तर त्यांचं तेवढंच काढून घ्यावं लागतं. आणि न वाचवावं तर... मला त्यांचाही राग आला. इतकं ताठ असू नये माणसाने. मग तिथेच बसून रडलो. आबांनी पाहिलं नसेल असं धरून चालतो. पाहिलं असणार.

२७ ऑक्टो., शनि

इंदूला सगळं सांगितलं. टाळ्यांचं, आबांचं. म्हटलं, आता साक्षीदार कुठून आणू?

तिने माझ्याकडे असं पाहिलं की...

म्हणाली, "नावेत आम्ही तिघी होतो. माझी बोटं मोडली. चौकशी झाली, सभा झाली, तुमची चार पानं झाली, मग सात ओळी झाल्या. आमच्यातल्या एकीला तरी कोणी विचारलं? तुम्ही विचारलंत?"

नाही विचारलं. मनातच आलं नाही. नकाशात तिघींच्या पदरांच्या चुण्यासुद्धा काढल्या होत्या मी.

इतके दिवस मी सगळ्यांवर चिडलो होतो. आज पहिल्यांदा कळलं की माझ्यावर चिडायला घरात कोणी आहे, आणि दोन आठवडे ती एका हाताने भांडी घासते आहे.

२९ ऑक्टो., सोम

लीलाबाई आणि कुमुदताई दुपारी आल्या होत्या. मी शाळेत. आलो तेव्हा तिघी बोलत होत्या, मला पाहून थांबल्या. कुमुदताईंचे यजमान नको म्हणतायत एवढं कळलं. नानासाहेब त्यांची जमिनीची केस चालवतात. लीलाबाई म्हणाल्या, "मी तर त्या पोराच्या तोंडावर सांगेन." इंदूने त्यांना चहा ओतून दिला, उजव्या हाताने, किटली पाटावर टेकवून.

मी म्हटलं, मी कागद लिहून देतो, भाषा नीट होईल. इंदू म्हणाली, "भाषा आमच्याकडे आहे."

३१ ऑक्टो., बुध

इंदू सकाळी तलावावर जाऊन आली. एकटी. मला न सांगता. आल्यावर म्हणाली, आबांना आधी विचारायला हवं होतं, ते मी विचारून आले.

घाबरत विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, लागनं तुम्हले. तुम्ही सांगा. मी आडवा येनार नही."

मला तसं म्हणाले नाहीत. माझ्यापुढे दगड होऊन उभे राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी त्यांच्याकडे गेलो होतो तो जाब विचारायला, आणि ही गेली ती परवानगी मागायला.

आज शाळा अर्धी, दिवाळीसाठी. साडेतीनला तिघी निघाल्या. कुमुदताईसुद्धा आल्या, कशा आल्या कोण जाणे, डोळे सुजलेले होते. नानासाहेबांच्या घरी जाऊन सांगणार. मी चपला घातल्या. इंदू दारात वळली. "तुम्ही येऊ नका."

म्हटलं, का? मी चिटणीस आहे. नवरा आहे तुझा.

"तुम्ही आलात की ते तुमच्याशीच बोलतील."

खरं आहे म्हणून जास्त झोंबलं. जाताना ती म्हणाली, मी सांगणार आहे की तुम्ही दोनदा बोललात. तिथे टाळ्या नाही वाजणार. मी म्हटलं, सांग.

आता साडेपाच. नानासाहेबांचं घर इथून दहा मिनिटांवर. दोन तास झाले. एवढा वेळ म्हणजे ऐकून घेताहेत, की बाहेर ओट्यावर बसवून ठेवलं आहे? श्रीकांत समोर असेल. तो काय म्हणेल? कोणी त्यांना मध्येच तोडलं तर? मी असतो तर... मी असतो तर मीच तोडलं असतं.

दोनदा फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा चपला काढून आत ठेवल्या.